आल्प्सच्या गावात जानेवारीचे सात दिवस, स्की न करता

नमस्कार काकू,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं ठाण्याचे, साठी ओलांडलेले. मुलगी जर्मनीत फ्रायबुर्गला असते. जानेवारीत तिच्याकडे जाणार आहात आणि त्यातले सात दिवस स्वित्झर्लंडमधल्या एखाद्या डोंगरी गावात नुसतं राहायचं मनात आहे. स्की येत नाही, शिकायचंही नाही. काकांचे गुडघे कुरकुरतात. घरात शाकाहार. तुमच्या ओळखीतल्या एका टूरवाल्यांनी सांगितलं, "स्की नसेल तर दुसऱ्याच दिवशी कंटाळाल, त्यापेक्षा सात दिवसांत पाच शहरं करा." तेव्हा कंटाळा येईल का, थंडी झेपेल का, ग्रिंडेलवाल्ड, वेंगन की म्युरेन, आणि खायचं काय, हे तुम्ही विचारलंय.

मी गेली एकोणीस वर्षं बर्नजवळ राहते. दर हिवाळ्यात दोन-चार मराठी कुटुंबांच्या अशा मुक्कामाची आखणी करून देते, त्यात तुमच्या वयाचीच माणसं जास्त. म्हणून आधी ठाम उत्तर देते: एक गाव, सात रात्री, एकच घर. मध्ये सामान हलवायचं नाही.

असं का म्हणते ते सांगते. माझे आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा मीच त्यांना आठ दिवसांत पाच हॉटेलं फिरवली. रोज सकाळी बॅगा भरायच्या, रोज संध्याकाळी नव्या खोलीत दिव्याची बटणं शोधायची. परतल्यावर आईला कोणतं शिखर कोणत्या दिवशी पाहिलं ते सांगता येईना. तिच्या लक्षात राहिला तो वेंगनच्या स्टेशनवरच्या बाकावरचा पाऊण तास. आमची गाडी चुकली होती. समोर मालडब्यातून हॉटेलांच्या चादरींची गाठोडी, दुधाचे खोके, भाजीचे क्रेट उतरवत होते, कारण त्या गावात मोटार जातच नाही, सगळं रेल्वेनेच येतं. बाकावर ऊन होतं, थर्मासमध्ये चहा होता. बाबांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली होती. आई अजून त्या चादरीवाल्या माणसांबद्दल बोलते. पुढच्या वर्षी ते आले तेव्हा मी त्यांना एकाच गावात नेलं.

आता गाव. तुम्ही लिहिलेली तिन्ही गावं बर्नीज ओबरलांड या डोंगराळ भागात, इंटरलाकेन शहराच्या वर आहेत. ग्रिंडेलवाल्ड १०३४ मीटरवर, तिथे रस्ता जातो, बस-गाड्या जातात, दुकानं भरपूर, आणि दिवसा सहलींची गर्दीही भरपूर. वेंगन १२७४ मीटरवर, म्युरेन १६३८ मीटरवर. या दोन्ही गावांत मोटारी नाहीत. तुमच्यासाठी मी म्युरेन सुचवीन. पहिलं कारण उंची. गेल्या काही वर्षांत हिवाळे ऊबदार होत चाललेत. हजार-बाराशे मीटरवर जानेवारीतही कधी पाऊस पडतो आणि हिरवी-तपकिरी कुरणं उघडी पडतात. सोळाशे मीटरवर बर्फाची खात्री बरीच जास्त. दुसरं कारण काकांचे गुडघे. म्युरेन हे दरीच्या कड्यावरच्या एका लांबट सपाटीवर वसलंय. गावाच्या एका टोकाला छोट्या रेल्वेचं स्टेशन, दुसऱ्या टोकाला केबल कारचं, आणि दोन्हींमधला मुख्य रस्ता रमतगमत पंधरा-वीस मिनिटांत होतो, तोही फारसा चढ न लागता. घर मात्र या मुख्य रस्त्यालगतचं घ्या. वरच्या आळीतलं घर स्वस्त मिळेल, पण रोजचे चार चढ काकांना जड जातील.

तारखांची एक गोष्ट सांभाळा. नाताळ ते नववर्ष सर्वांत महाग आणि सर्वांत गजबजलेलं. ६ जानेवारीनंतर गर्दी ओसरते. या मंदीच्या दिवसांना इथे 'यानुआरलोख' म्हणतात, म्हणजे जानेवारीचा खड्डा. सणाच्या खर्चानंतर लोकांचे खिसे रिकामे असतात, घरं त्यातल्या त्यात वाजवी दरात मिळतात. फेब्रुवारीत शाळांना सुट्ट्या लागतात आणि पुन्हा गर्दी. जानेवारीतही वेंगनला महिन्याच्या मध्यावर लाउबरहॉर्नची स्की शर्यत असते, तर म्युरेनला जानेवारीच्या उत्तरार्धात 'इन्फर्नो'. ही इन्फर्नो १९२८ पासूनची, हौशी स्कीपटूंची प्रचंड शर्यत आहे. त्या आठवड्यात गावात निवांतपणा शोधू नका. त्या वर्षीची तारीख बघून त्याच्या अलीकडचा आठवडा धरा. घरं बहुधा शनिवार ते शनिवार भाड्याने देतात, हेही हिशोबात घ्या.

पोहोचायचं कसं? फ्रायबुर्गहून बाझेल, बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्ट. तिथून लाउटरब्रुनेनची छोटी गाडी, वीस मिनिटांची. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: ही गाडी वाटेत त्स्वाइल्युचिनेन नावाच्या स्टेशनावर दुभंगते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. लाउटरब्रुनेनला स्टेशनसमोरून केबल कार ग्र्युचाल्पला जाते आणि तिथून १८९१ सालच्या मार्गावरची छोटी गाडी कड्याच्या काठाकाठाने म्युरेनला. सामान केबल कारमध्ये वेगळं जातं, तुम्हाला उचलून न्यावं लागत नाही. दुसरा रस्ता दरीच्या टोकाच्या श्टेखेलबेर्गहून, तिथवर पिवळी पोस्टबस. डिसेंबर २०२४ मध्ये तिथून म्युरेनला थेट नवी केबल कार सुरू झाली, १५९.४ टक्के चढाची, जगातली सर्वांत खडी. दोन्ही वाटा चांगल्या, पण पहिल्या दिवशी रेल्वेनेच जा. डावीकडची खिडकी पकडा. ग्र्युचाल्प सोडल्यावर झाडी संपते आणि दरीपलीकडे आयगर, म्योंख, युंगफ्राउ एका ओळीत उभी दिसतात. ३९६७, ४११० आणि ४१५८ मीटर. पुढचे सात दिवस हे तिघं तुमचे शेजारी.

तिकिटांबाबत थोडक्यात: एका गावात राहणार असाल तर रोज फिरण्याचा महागडा पास बहुतेक वेळा अंगावर पडतो. परदेशी पाहुण्यांना महिनाभरासाठी हाफ फेअर कार्ड मिळतं. त्यावर रेल्वे, बस आणि बहुतेक केबल कार निम्म्या भाड्यात. तुमच्या बेताला तेच योग्य.

कंटाळ्याचं उत्तर द्यायचं तर आधी उन्हाबद्दल बोलायला हवं. या दिवसांत सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या आत मावळतो, तेही सपाटीवर. डोंगरात समोरचं शिखर आडवं येतं, त्यामुळे ऊन उशिरा पोहोचतं आणि लवकर जातं. दरीच्या तळाशी असलेल्या लाउटरब्रुनेनला भर हिवाळ्यात ऊन अगदीच थोडा वेळ मिळतं. म्हणूनच, खाली घर स्वस्त मिळालं तरी तिथे सात दिवस राहू नका, असं मी सगळ्यांना सांगते. म्युरेनला घर घेतानाही मालकांना एक प्रश्न नक्की विचारा: जानेवारीत बाल्कनीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं? उत्तर लगेच आणि नेमकं आलं तर ते घर घ्या. त्या माणसाला आपलं घर माहीत आहे.

मग दिवसाची घडी उन्हाभोवती बसते. सकाळी घाई नाही. उठायचं, चहा, नाश्ता, अंघोळ, पेपर, देवाची पूजा, सगळं सावकाश. खिडकीतून बघायचं की समोरच्या शिखरांच्या कडा उजळल्या का. ऊन गावात उतरायला लागलं की कपडे चढवून बाहेर. ऊन असेपर्यंत चालायचं, बाकावर बसायचं, कुठेतरी गरम सूप घ्यायचं. ऊन गेलं की दहा मिनिटांत गारठा जाणवतो, तेव्हा घरात. पण पुन्हा एकदा, साडेचार-पाचच्या सुमारास, खिडकीत किंवा बाल्कनीत शाल घेऊन उभे राहा. गाव सावलीत गेलेलं असतं, दरी निळी पडलेली असते, आणि पलीकडची शिखरं मावळतीकडे तोंड करून असल्यामुळे त्यांच्यावर शेवटचं ऊन पडतं. आधी पिवळं, मग केशरी, मग गुलाबी, आणि एकदम राखाडी. जर्मनमध्ये याला 'आल्पेनग्ल्युएन' म्हणतात. आकाश स्वच्छ असेल तर रोज दिसतं आणि रोज वेगळं दिसतं. माझे बाबा या वेळेला घड्याळ लावून खुर्ची खिडकीशी ओढायचे.

ऊन खायला जाणं हा आपल्याकडेही एक कार्यक्रम असतोच की. थंडीत अंगणात सतरंजी टाकून बसणाऱ्या आजी-आजोबांना आल्प्सचा हिवाळा शिकवावा लागत नाही.

थंडीची धास्ती मनातून काढून टाका, पण तयारी पक्की करा. गावात रात्री उणे पाच ते उणे दहा, कधी त्याखालीही. दुपारी शून्याच्या आसपास. हवा कोरडी आणि वारा नसेल तर उन्हात स्वेटरवर बसता येतं. उलट खाली बर्न-झुरिकच्या पठारावर अनेकदा आठवडाभर धुक्याचं झाकण असतं. थंड जड हवा खाली साचते आणि वर ऊबदार थर बसतो, त्यामुळे उंचावरच्या गावात तळपतं ऊन आणि पायाशी ढगांचा समुद्र. त्याला 'नेबेलमेअर' म्हणतात. मी स्वतः जानेवारीत गच्च राखाडी आठवड्यानंतर रविवारी वर पळते ती याच्यासाठी.

कपडे तीन थरांत. आतला थर लोकरीचा किंवा चांगल्या थर्मलचा, सुती अजिबात नको. सुती बनियन घामाने भिजतं आणि मग तेच गारठवतं. मधला थर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. मोजेही लोकरीचे. काकू, साडी नेसायची असेल तर घरात नेसा, घरं आतून छान उबदार असतात. बाहेर मात्र पँटच. काकांची माकडटोपी खुशाल आणा, कान आणि मान दोन्ही झाकणारी तशी दुसरी वस्तू नाही. गॉगल आणि सनस्क्रीन मात्र हौस म्हणून समजू नका. बर्फावरून ऊन परावर्तित होऊन खालूनही येतं, हनुवटी आणि नाकपुड्यांखालची कातडी भाजते, डोळे चुरचुरतात. हवा कोरडी असल्याने तहान कळत नाही. पाणी पीत राहा. नळाचं पाणी उत्तम असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

आता बूट. या सगळ्या उत्तरात तुम्ही एकच परिच्छेद लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा. ताज्या बर्फावर माणूस सहसा घसरत नाही. तो कुरकुर वाजतो, पाय धरतो. घसरायला होतं ते दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलेल्या पाण्यावर. दिसायला ओली डांबरी सडक, प्रत्यक्षात काच. माझे बाबा असेच दुपारी चारच्या सुमारास, घरापासून वीस पावलांवर, पन्हाळीखालच्या अशा पट्ट्यावर पडले. पायात भारतातून आणलेले गुळगुळीत तळाचे चालायचे बूट होते आणि ते बदलायला हवेत हे मला आधी सुचायला हवं होतं. मनगटाला प्लास्टर बसलं, मुक्काम तिथेच आटोपता घ्यावा लागला. तेव्हापासून मी कुणालाही दोन गोष्टींशिवाय घराबाहेर पडू देत नाही. एक, घोट्याच्या वर जाणारे, खोल नक्षीच्या रबरी तळाचे पाणीरोधक बूट. ते थोडे सैल घ्या, जाड मोज्यांत बोटं हलली पाहिजेत, दाबून बसले तर पाय गार पडतात. दोन, त्या बुटांवर रबराच्या पट्ट्याने ओढून चढवायचे लोखंडी दाते. गावातल्या खेळसामानाच्या दुकानात मिळतात. पिशवीत मावतात, घालायला अर्धं मिनिट लागतं. दुकानात शिरताना मात्र काढा, फरशीवर तेच घसरतात. सोबत काठ्या, खाली चकती असलेल्या. काकांच्या गुडघ्यांना उतारावर त्यांचा मोठा आधार होईल. आणि चाल आखूड पावलांची, पूर्ण तळवा टेकून, आपण ओल्या बाथरूममध्ये चालतो तशी.

फिरायला काय आहे? स्वित्झर्लंडमध्ये हिवाळी पायवाटा वेगळ्या आखलेल्या असतात. रोज यंत्राने दाबून सपाट केलेल्या आणि गुलाबी खांब-पाट्यांनी दाखवलेल्या. गुलाबी पाटी असेल तिथेच चाला. उन्हाळ्यातल्या पिवळ्या पाट्यांच्या वाटा हिवाळ्यात कुणी राखत नाही आणि त्यांच्यावर हिमकड्यांचा धोका असू शकतो. दावोसची हिमसंशोधन संस्था हिवाळाभर हिमस्खलनाचं अनुमान रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला देते, एक ते पाच अशा पातळ्यांत. तुम्ही गुलाबी वाट सोडणार नसाल तर रोज ते वाचायची गरज नाही. पण वाट बंद असल्याची दोरी किंवा पाटी दिसली तर तिच्याखालून वाकून जाऊ नका, पुढे पावलांचे ठसे दिसले तरीही.

तुमची मुख्य वाट म्हणजे म्युरेन ते विंटरएग. रेल्वेच्या रुळांशेजारून जाणारी, जवळपास सपाट, जाताना हलका उतार. एका अंगाला झाडी, दुसऱ्या अंगाला सतत ती तीन शिखरं. तुमच्या चालीने तासभर धरा, थांबत गेलात तर दीड. विंटरएगला रेस्टॉरंट आहे, उन्हातला सज्जा आहे, खुर्च्यांवर मेंढीची कातडी टाकलेली असते. तिथे सूप आणि पाव घ्या, अर्धा-पाऊण तास बसा आणि परतीला छोटी गाडी पकडा. गुडघ्यांचं गणित इथे सुटतं: एका अंगाने चालायचं, दुसऱ्या अंगाने गाडीने यायचं. हीच वाट मी एका आठवड्यात चार वेळा चालले आहे आणि पुन्हा चालेन. पहिल्या दिवशी फोटो काढून होतात. तिसऱ्या दिवशी कोल्ह्याच्या पावलांची सरळ रेघ आणि सशाच्या उड्यांचे ठसे वेगळे ओळखता येतात. वाटेत भेटणारा प्रत्येक जण 'ग्रुएसेख', म्हणजे नमस्कार, म्हणतो, तुम्हीही म्हणा. चौथ्या दिवशी तेच आजोबा तोच कुत्रा घेऊन भेटतात आणि थांबून काहीतरी बोलतात. त्यांची बोली तुमच्या मुलीलाही धड कळणार नाही, पण हातवाऱ्यांनी हवामानावर गप्पा होतात.

आल्मेंडहुबेल हे दुसरं ठिकाण. गावातूनच दोराने ओढली जाणारी छोटी गाडी चार-पाच मिनिटांत १९०७ मीटरवर नेते. वर ऊन गावापेक्षा जास्त वेळ राहतं. गावातलं ऊन सरलं की मी तिथे जाते. तिसरं, गिमेलवाल्ड. म्युरेनखालचं चिमुकलं शेतकऱ्यांचं गाव. वाट आहे पण हिवाळ्यात ती उताराची आणि निसरडी, काकांनी केबल कारनेच जावं. तिथे उन्हाने काळपट पडलेली लाकडी घरं, भिंतीशी कोरडी रचलेली सरपणाची चळत, आणि गोठ्यांतून येणारा गवताचा आणि शेणाचा ऊबदार वास. गाई हिवाळाभर आत असतात आणि उन्हाळ्यात खड्या उतारांवरून कापून आणलेलं गवत खातात. तो वास आला की कोकणातला किंवा घाटावरचा माणूस क्षणभर थांबतोच.

स्लेजबद्दलही तुम्ही विचारलंय, म्हणजे बसून बर्फावरून घसरत जायची छोटी गाडी. लाकडी स्लेज दुकानात भाड्याने मिळते आणि वेग टाचा रोवून कमी करायचा असतो. म्हणजे सगळा भार गुडघ्यांवर. काकांनी करू नये. तुम्हाला हौस असेल तर मुलगी येईल तेव्हा तिच्याबरोबर, हेल्मेट घालून, सकाळी. दुपारनंतर ट्रॅक गोठून कडक होतो.

युंगफ्राउयोखला जावं का? ३४५४ मीटर उंची, १९१२ सालची बोगद्यातली रेल्वे, महाग तिकीट. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर इथे यायच्या आधी ठाण्यातच डॉक्टरांना विचारा. जायचं ठरलं तर तिकीट आगाऊ काढू नका. सकाळी वरचा कॅमेरा इंटरनेटवर बघा. आकाश निळं असेल तर निघा, पांढरं असेल तर विंटरएगला जा. वर पोहोचल्यावर जिने सावकाश चढा आणि डोकं जड झालं तर खाली या. माझं मत विचाराल तर, सात दिवसांत एक दिवस ते करायला हरकत नाही, पण आठवड्याचा तो सर्वांत दमवणारा दिवस असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नका.

खाण्यासाठी स्वयंपाकघर असलेलं घर घ्याच. 'फेरीनवोनुंग', म्हणजे सुट्टीसाठी भाड्याने मिळणारं घर, असं शोधा. गावात किराण्याचं दुकान आहे. तांदूळ, मसूर, बटाटे, कोबी, गाजर, दही सगळं मिळतं. मसाले, डाळी, पोहे, मेतकूट, लोणचं तुमच्याबरोबर आणा. तूप, पेढे, पनीर, चीज, म्हणजे दुधाचा कुठलाही पदार्थ भारतातून आणू नका. युरोपबाहेरून दुग्धजन्य आणि मांसजन्य पदार्थ आणायला बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात. ओला कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही नकोत, ताज्या भाजीपाल्याला आरोग्य प्रमाणपत्र लागतं. कढीपत्ता वाळवून आणा. तुपाचं काही अडत नाही. दुकानात 'ब्राटबुटर' म्हणून जे मिळतं ते कढवलेलं लोणीच असतं. खिचडीवर घालून बघा.

छोटा, सपाट बुडाचा कुकर आणा, स्टीलचा, म्हणजे इंडक्शन शेगडी असली तरी चालेल. सोळाशे मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासन्‌तास बोटचेपी होत नाही. कुकरमध्ये नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. फोडणीच्या वेळी पंखा लावा, खिडकी उघडा. लाकडी घर आहे, धुराचा इशारा देणारं यंत्र छतावर असतं आणि हिंग-मोहरीला ते लगेच दाद देतं. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही हा इथला कडक रिवाज, मिक्सर-कुकर त्याआधी आटोपून घ्या. कचरा गावाच्या ठरलेल्या, पैसे मोजून घ्यायच्या पिशवीतच टाकायचा. घरमालकांना पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

बाहेर खाताना चीजबद्दल थोडं. तुमचा शाकाहार किती काटेकोर आहे हे तुम्ही लिहिलं नाही, म्हणून सांगते. ग्रुयेरसारख्या पारंपरिक स्विस चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. फोंड्यूमध्ये, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, व्हाइट वाइन असते, बहुधा किर्श ही चेरीची दारूही. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी र्‍योस्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याचा जाडसर, खरपूस परतलेला थालीपीठासारखा प्रकार. मागवताना 'ओने श्पेक' म्हणा, म्हणजे डुकराचं मांस नको. नाही सांगितलं तर तुकडे घालून येतात. सूपचा रस्साही मांसाचा नाही ना, ते विचारा. चीज चालत असेल तर मात्र इथल्या भागाचं होबेलकेझ नक्की चाखा. उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर केलेलं, किमान अठरा महिने मुरलेलं, इतकं कडक की सुरीने कापत नाहीत, रंध्याने तासतात. कागदासारख्या सुरळ्या होतात. जिभेवर ठेवलं की आधी मीठ लागतं, मग भाजलेल्या दाण्यांसारखी चव येते. शंभर ग्रॅम दोघांना दोन दिवस पुरेल.

एखादा दिवस तरी हिमवृष्टीचा येईल. समोरची शिखरं काय, समोरचं घरही दिसणार नाही. त्या दिवशी घरात राहा. पहाटेच बर्फ हटवणाऱ्या यंत्राची घरघर ऐकू येईल, मग कुणीतरी फावड्याने पायऱ्या साफ करेल. गावातल्या क्रीडाकेंद्रात पोहण्याचा गरम तलाव आहे, काकांच्या गुडघ्यांना आवडेल. पुस्तकं, पत्ते आणा. आमच्याकडे आलेल्या पुण्याच्या एका काकूंनी अशा दिवशी घरमालकिणीला गूळपोळी खाऊ घातली. मकरसंक्रांत म्युरेनच्याच मुक्कामात आली होती आणि तीळगूळ सामानात होता. तुमच्या तारखा १४ जानेवारीला धरून असतील तर तुम्हीही आणा, तिळाच्या वड्यांना सीमेवर अडचण नाही, फक्त त्यांत तूप-खवा नको.

तब्येतीचं एवढंच: रुग्णवाहिकेचा नंबर १४४, हेलिकॉप्टर बचावसेवेचा १४१४. दोन्ही फोनमध्ये घालून ठेवा. शेंगेन व्हिसासाठी लागणारा प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा असतोच, पण त्यात डोंगरातली सुटका आणि हेलिकॉप्टरचा खर्च धरलाय का ते आताच वाचून घ्या. व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. मुक्काम सर्वांत जास्त दिवस ज्या देशात त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणजे तुमच्या बाबतीत बहुधा जर्मनी.

शेवटी परतीचा दिवस. जोराच्या हिमवृष्टीत किंवा फ्योन, म्हणजे डोंगरावरून उतरणारा जोराचा वारा, सुटला तर केबल कार काही तास बंद राहू शकते. म्हणून म्युरेनहून उतरून त्याच दिवशी मुंबईचं विमान पकडायचा बेत कधीही करू नका. एक रात्र खाली, फ्रायबुर्गला मुलीकडे किंवा झुरिकला, ठेवाच. तुमच्या तारखा आणि काकांना सलग किती चालवतं ते कळवा. घरांची यादी आली की पत्ते मला पाठवा, कोणतं मुख्य रस्त्यालगत आहे आणि कोणतं वरच्या आळीत, ते मी नकाशावर बघून सांगते.